दगडफूल आणि जंतूंचें संभाषण

नागपुराहून रायपुराकडे जाणारा जुना राजमार्ग साकोली मागें टाकून पूर्वेकडे निघाला म्हणजे सडक अर्जुनी लागते. मोरगांवच्या शेजारीं दुसरी अर्जुनी आहे. ही सडकेवरची, म्हणून सडक अर्जुनी. पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत मोडणारा हा मुलूख १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत आला. सडकेच्या दक्षिणेस नवेगांवचें रान आणि उत्तरेस नागझिऱ्याचें. या दोन्ही रानांचा मिळून २०१३ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू हीं येथलीं झाडें. मोहाचें फूल आणि तेंदूचें पान यांना मोल आहे, आणि रानांत जाणारा माणूस तें मोल बरोबर जाणतो. परंतु याच झाडांच्या खोडांवर राखी, पांढरट, फिकट हिरवे असे जे चट्टे पसरलेले असतात, त्यांची विचारपूस कोणी करीत नाहीं. उन्हाळ्यांत ते वाळलेल्या कातड्यासारखे निर्जीव भासतात. मृगाची पहिली सर पडली कीं थोड्याच वेळांत त्यांचा रंग पालटतो आणि ते हिरवे दिसूं लागतात. हा पालट पाहणाऱ्यास एवढें तरी कळतें कीं, हा सालीचा रोग नव्हे. येथें कोणी जीव नांदत आहे.

या जीवास शास्त्रीय मराठींत शैवाक असें नांव आहे. त्याचाच एक भाऊबंद महाराष्ट्रांतील प्रत्येक स्वयंपाकघरांत पोंचलेला आहे. आठवड्याच्या बाजारांत वाण्यापुढें मसाल्याचीं पोतीं मांडलेलीं असतात. त्यांत दालचिनी, नागकेशर, बाद्यान यांच्या शेजारीं एका बाजूनें काळसर व दुसऱ्या बाजूनें पांढुरके असे चुरगळलेल्या कागदासारखे तुकडे दिसतात. तें दगडफूल. पुण्याकडचा गोडा मसाला काय किंवा नागपूरचा सावजी मसाला काय, दगडफुलावांचून पुरा होत नाहीं. कोरड्या कढईंत तें भाजलें म्हणजे ओल्या मातीचा आणि जुन्या लाकडाचा मिळून एक वास सुटतो. सडक अर्जुनीच्या रानांतील चट्टे आणि हें बाजारांतील दगडफूल यांची जाति एक नाहीं, पण कुळ एक आहे. बाजारांत येणारें दगडफूल थंड व दमट डोंगरांवर वाढतें. उष्ण मैदानी रानांत त्याचे नातलग सालीला घट्ट चिकटून, अंग चोरून राहतात.

या उपेक्षित जीवाच्या इतिहासांत माणसाची समजूत दोन वेळां चुकली. पहिल्या वेळीं तो कोण आहे हें कळलें नाहीं. दुसऱ्या वेळीं तो काय करतो हें पुरतें कळलें नाहीं. पहिली चूक दुरुस्त होऊन आज दीडशें वर्षें झालीं. दुसरीची दुरुस्ती अजून चालू आहे, आणि तिच्याशीं रुग्णालयांतील असंख्य रोग्यांचें हित गुंतलेलें आहे.

भारतांत या वस्तूची ओळख फार जुनी आहे. अमरकोशांत शैलेय आणि अश्मपुष्प हीं नांवें येतात. दोन्हींचा अर्थ दगडावरचें तेंच. सोळाव्या शतकांत भावमिश्रानें भावप्रकाशांत शैलेयाचे गुण सांगितले आहेत. तें शीतल आहे, आणि खाज, कुष्ठ, मूतखडा व दाह यांवर उपयोगी पडतें, असा त्याचा अभिप्राय. त्वचेच्या विकारांवर त्याची योजना कशी सुचली याचा उलगडा ग्रंथांत नाहीं. अनुभवाचें तें संचित होतें. युरोपांत लिनियसनें १७५३ सालीं वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत भारतांतील एका शैवाकाची नोंद आहे. परंतु लिनियसला या वर्गाविषयीं फारसें प्रेम नव्हतें. वनस्पतींच्या राज्यांतील हीं दरिद्री माणसें, अशीच त्याची दृष्टि होती. पुढें शंभर वर्षें शास्त्रज्ञांनीं शैवाकांच्या जाति मोजल्या, नांवें दिलीं, संग्रह केले. आणि हें सर्व करतांना ही एक स्वतंत्र वनस्पति आहे याविषयीं कोणाच्या मनांत शंका आली नाहीं.

ती शंका १८६७ सालीं एका स्विस शास्त्रज्ञानें उघडपणें मांडली. त्याचें नांव सिमोन श्वेंडेनर. सूक्ष्मदर्शकाखालीं शैवाकाचे पातळ काप पाहतां पाहतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, त्यांतील रंगहीन तंतु हे बुरशीचे आहेत आणि त्या तंतूंच्या जाळ्यांत बसलेले हिरवे गोल हे शैवालाचे आहेत. म्हणजे शैवाक हा एक जीव नसून दोघांचा संसार आहे. बुरशी घर बांधते, पाणी धरते, उन्हापासून आडोसा करते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें आणि त्यांतला मोठा वाटा बुरशीला देतें. हें ऐकून त्या काळचे शैवाकांचे मोठमोठे जाणकार संतापले. विल्यम नायलँडर हा त्यांतील अग्रणी; त्यानें हें मत अखेरपर्यंत मान्य केलें नाहीं. ज्यांनीं सारें आयुष्य एका वनस्पतींच्या अभ्यासांत घालविलें, त्यांना तुमची वनस्पति मुळीं वनस्पतिच नव्हे असें सांगणें म्हणजे पायाखालची जमीन काढून घेणेंच होतें. तथापि सत्य श्वेंडेनरच्या बाजूस होतें. १८७९ सालीं आंतोन द बारी यानें भिन्न जातींच्या जीवांच्या अशा एकत्र राहण्यास सहजीवन हा अर्थ असलेला शब्द रूढ केला, तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें शैवाकाचें उदाहरण होतें. पुढें बुरशी आणि शैवाल यांना वेगळें वाढवून पुन्हा एकत्र नांदवण्यांतही शास्त्रज्ञांस यश आलें. अलीकडे, २०१६ सालीं, कित्येक शैवाकांच्या सालींत यीस्टच्या जातीची आणखी एक बुरशी सांपडली. शिवाय त्यांच्या अंगावर व अंतरंगांत असंख्य सूक्ष्मजंतु राहतात, हेंही सिद्ध झालें आहे. दोघांचा वाटलेला संसार मोठ्या गोतावळ्याचा निघाला.

या गोतावळ्याची गोष्ट पुढें कामास येईल. तत्पूर्वीं शैवाकाच्या रसायनांकडे वळलें पाहिजे, कारण दुसरी चूक तेथें झाली.

शैवाकांतील बुरशी कांहीं अशीं द्रव्यें तयार करते कीं, जीं इतरत्र क्वचितच आढळतात. शाळेंतील प्रयोगशाळेंत आम्ल ओळखण्यासाठीं वापरतात तो लिटमसचा रंग हें अशाच द्रव्यांचें एक रूप आहे; तो शैवाकापासूनच काढला गेला. जुन्या वृक्षांवरून दाढीसारखें लोंबणारें उस्निया नांवाचें एक शैवाक आहे. १८४४ सालीं नोप या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें शैवाकांतून एक पिवळें द्रव्य वेगळें केलें. उस्नियावरून त्यास उस्निक आम्ल हें नांव मिळालें. विसाव्या शतकांत जपानांतील आसाहिना यानें शैवाकांच्या रसायनशास्त्राची घडी बसविली. भारतांत वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठांत टी. आर. शेषाद्रि व त्यांचे विद्यार्थी यांनीं याच विषयावर काम केलें. हीं द्रव्यें बुरशी कशासाठीं बनवीत असावी, याचें उत्तर मात्र दीर्घकाळ मिळालें नव्हतें.

उत्तर मिळालेंसें वाटलें तें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत. पेनिसिलिन नुकतेंच रोग्यांना मिळूं लागलें होतें. एका साध्या बुरशीनें जखमांतील जंतु मारतां येतात हें कळतांच जगांतील शास्त्रज्ञ प्रत्येक बुरशीकडे नव्या आशेनें पाहूं लागले. अमेरिकेंत येल विद्यापीठांतील पॉल बर्कहोल्डर यानें १९४४ सालीं सहकाऱ्यांसह निरनिराळीं शैवाकें गोळा केलीं आणि त्यांचा अर्क जंतूंवर घालून पाहिला. कित्येक अर्कांनीं जंतूंची वाढ रोखली. भावमिश्राच्या शैलेयाला प्रयोगशाळेची साक्ष मिळाली, असें त्यास म्हणतां येईल. उस्निक आम्ल क्षयाच्या जंतूंवरही परीक्षानळींत परिणाम करतें, हें लौकरच दिसून आलें. युद्धानंतर युरोपांत कांहीं ठिकाणीं त्याचीं त्वचेवर लावण्याचीं मलमें निघालीं.

परंतु हा उत्साह टिकला नाहीं. उस्निक आम्ल पाण्यांत नीट विरघळत नाहीं. जंतूंच्या कांहीं कुळांवर तें चालतें, कांहींवर मुळींच चालत नाहीं. आणि पोटांत घेतल्यास तें यकृतास अपाय करतें. वजन उतरविण्यासाठीं विकल्या जाणाऱ्या एका तयार औषधांत तें घातलेलें होतें. तें घेणाऱ्यांस यकृताचे गंभीर विकार झाल्यावर २००१ सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें जनतेस इशारा दिला. रानांतलें म्हणून निरुपद्रवी, हा समज किती घातक आहे याचें हें ठसठशीत उदाहरण होय. पेनिसिलिनच्या वैभवापुढें दगडफुलाचें नांव मागें पडलें. जें द्रव्य जंतूंना झटपट मारीत नाहीं त्याचा औषध म्हणून उपयोग तो काय, असा त्या काळचा हिशेब होता. चूक होती ती या हिशेबांत.

जंतु हे एकेकटे जगतात आणि एकेकटे मरतात, अशी पूर्वीची कल्पना होती. तिला धक्का देणारें संशोधन समुद्रांतून आलें. समुद्रांत एक जंतु असा आहे कीं तो प्रकाश देतो. हवाई बेटांजवळचा एक लहान माखलीसारखा प्राणी त्याला आपल्या अंगांत बाळगतो व रात्रीं त्याच्या उजेडाचा उपयोग करतो. हार्वर्ड विद्यापीठांतील नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनीं १९७० सालीं दाखविलें कीं, हे जंतु विरळ असतांना अंधारांत असतात व दाट झाले म्हणजे एकदम उजळतात. प्रत्येक जंतु आपल्याभोंवतीं एक सूक्ष्म द्रव्य सोडीत असतो. जंतु थोडे असले तर तें द्रव्य पाण्यांत विरून जातें. पुष्कळ जमले म्हणजे तें सांठतें, आणि तें ठराविक प्रमाणांत सांठलें कीं सर्व जंतूंना एकच इशारा मिळतो.

ग्रामसभेचा नियम ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें समजणें कठीण नाहीं. ठराविक संख्येनें माणसें जमल्याशिवाय सभेचें काम सुरू होत नाहीं. गणपूर्ति झाली नाहीं तर सभा तहकूब होते. जंतूंचेंही तसेंच आहे. १९९४ सालीं इंग्रजींत या व्यवहारास जें नांव देण्यांत आलें त्याचा अर्थही गणपूर्तीची जाणीव असाच आहे. भेद एवढाच कीं, जंतूंच्या सभेंत हजेरीपट नसतो. हवेंत, पाण्यांत, जखमेंत पसरलेल्या द्रव्याच्या दाटपणावरून प्रत्येकास उपस्थिति कळते.

समुद्रांतील उजेडापुरतीच ही गोष्ट असती तर ती कौतुकाची म्हणून राहिली असती. परंतु रोग उत्पन्न करणारे अनेक जंतुही याच रीतीनें वागतात असें दिसून आलें. जळित रोग्यांच्या जखमांत, श्वासनलिकेंत, लघवीसाठीं घातलेल्या रबरी नळींत घर करणारा स्यूडोमोनास नांवाचा एक जंतु आहे. तो थोडा असतांना गप्प राहतो, कारण एकट्यानें विष ओकलें तर शरीराचे रक्षक पेशी त्यास सहज गांठतील. संख्या पुरी झाल्याचा इशारा मिळाला कीं सर्व जंतु मिळून विष सोडतात आणि आपल्याभोंवतीं चिकट थर बांधतात. त्या थराच्या आंत औषध पोंचणें अवघड होतें. बाहेरच्या जंतूंना मारणारी मात्रा आंतल्या जंतूंस पुरत नाहीं. रुग्णालयांत रोगी एका विकारासाठीं येतो व दुसऱ्याच जंतूनें खंगतो, त्यामागें पुष्कळदां हा थर असतो.

येथून एक नवीन विचार निघाला. जंतूंना मारण्याऐवजीं त्यांचा इशारा एकमेकांस पोंचूं दिला नाहीं तर काय होईल? सभाच भरली नाहीं तर ठराव होणार नाहीं, आणि विखुरलेल्या जंतूंचा समाचार शरीर स्वतःच घेईल. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील एका लाल समुद्र-शैवालाच्या अंगावर जंतूंचा थर बसत नाहीं, हें तेथील शास्त्रज्ञांनीं पाहिलें होतें. १९९० नंतरच्या दशकांत असें सिद्ध झालें कीं, तें शैवाल जंतूंच्या इशाऱ्यासारखें दिसणारें द्रव्य सोडतें आणि जंतूंच्या निरोपांत घोंटाळा करून टाकतें.

मग दृष्टि पुन्हा दगडफुलाकडे वळली. २००४ सालीं इटलींत रोम येथील एका मंडळीनें कृत्रिम पदार्थाच्या पृष्ठभागावर उस्निक आम्ल बसविलें आणि त्यावर जंतु सोडले. पू उत्पन्न करणारे स्टॅफिलोकॉकस जंतु तेथें थर बांधूं शकले नाहींत. स्यूडोमोनासचा प्रकार वेगळा झाला. तो मेला नाहीं, पृष्ठभागास चिकटलाही. परंतु त्यानें बांधलेल्या थराची घडण बदलली. उस्निक आम्लानें त्याच्या निरोपांच्या व्यवहारांत कोठें तरी अडथळा आणला असावा, असा तर्क त्या संशोधकांनीं केला. १९४४ च्या हिशेबानें हा प्रयोग अर्धवट फसला असेंच ठरलें असतें, कारण जंतु जिवंत राहिला होता. नव्या हिशेबानें तीच गोष्ट महत्त्वाची ठरली. पुढें २०१६ सालीं इस्तंबूल येथील मर्मरा विद्यापीठांत ओकवृक्षावर वाढणाऱ्या एका शैवाकांतील एव्हर्निक आम्लाची परीक्षा झाली. त्यानें स्यूडोमोनासच्या इशाऱ्यांचें कार्य मंदावतें, असें तेथें आढळलें.

शैवाकास ही विद्या कशी साधली असावी? त्याच्या जगण्याची रीत पाहिली म्हणजे कांहीं अनुमान करतां येतें. शैवाक अत्यंत मंद गतीनें वाढतें. सालीला चिकटून राहणाऱ्या जाति वर्षाला एक मिलिमीटरही पसरत नाहींत. पानासारख्या जाति थोडे मिलिमीटर वाढतात. इतक्या संथ जीवाला पावसांत भिजत व उन्हांत सुकत दशकानुदशकें एकाच जागीं रहावें लागतें. जंतूंच्या तडाख्यांतून तो वाढीच्या वेगानें सुटूं शकत नाहीं. त्याच्या अंगावर जंतु तर नेहमींचेच. ऑस्ट्रियांतील ग्राझ येथील संशोधनानें त्यांचीं दाट वसाहतीं दाखवून दिलीं आहेत. त्या सर्वांचा नायनाट केला तर उपयोगी सोबतीही मरतील. म्हणून शेजाऱ्यांना राहूं द्यावें, परंतु त्यांचा जमाव होऊं देऊं नये, ही नीति त्यास सोयीची. हें अनुमान आहे; तें प्रत्येक जातीबाबत पारखून घेतलें पाहिजे. पण मारण्याच्या एकाच कल्पनेनें बांधलेल्या मनाला तें सुचलेंही नसतें.

ही गोष्ट आज निकडीची झाली आहे. औषध जंतूंना मारूं लागलें कीं जे थोडे वांचतात त्यांचीच प्रजा वाढते, आणि कांहीं वर्षांत तें औषध निकामी होतें. २०१९ या एका वर्षांत जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें औषधांस दाद न देणाऱ्या जंतूंमुळें थेट दगावलीं, असा अंदाज नंतरच्या एका मोठ्या पाहणीनें दिला. जो उपाय जंतूला मारीत नाहीं, केवळ त्याचें बोलणें तोडतो, त्याविरुद्ध जंतु इतक्या लौकर तयार होणार नाहींत, अशी आशा आहे. तथापि ती आशाच होय. अशा उपायांसही जंतु चकवूं शकतात, हें प्रयोगशाळेंत दिसलेलें आहे. आणि दगडफुलापासून या मार्गानें रोग्यास देण्याजोगें औषध अद्याप तयार झालेलें नाहीं. यकृताचा धडाही विसरतां येत नाहीं.

या कामांत महाराष्ट्राचा वाटा आहे, आणि तो आधीं ओळख पटविण्याचा आहे. १९४६ सालीं पुण्यांत महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था निघाली. मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर हे तिचे पहिले संचालक. १९९२ पासून तेथील संशोधनशाळा आघारकरांच्याच नांवानें ओळखली जाते. तेथें अजरेकर यांच्या नांवाचा बुरशींचा संग्रह आहे. पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखीजा यांनीं सह्याद्रींतील व भारतांतील इतर भागांतील शैवाकांचा पद्धतशीर अभ्यास त्या संस्थेंत उभा केला. सालीवर अक्षरांसारख्या काळ्या रेघा उमटविणाऱ्या जाति, खोडांवर बारीक फोडांसारख्या दिसणाऱ्या जाति, अशा सामान्य डोळ्यास सारख्याच वाटणाऱ्या वस्तूंतील भेद त्यांनीं वर्षानुवर्षें निरखले. त्यांचे सहकारी बी. सी. बेहेरा यांनीं प्रयोगशाळेंत शैवाक वाढविण्याचा उद्योग केला. घाटांच्या नांवावरून ओळखल्या जाणाऱ्या एका उस्नियाच्या जंतुरोधक गुणांवरील त्यांचा निबंध २००५ सालीं प्रसिद्ध झाला.

प्रयोगशाळेंतील हा उद्योग वरवर रुक्ष वाटतो, पण सर्व प्रश्नाची किल्ली त्यांतच आहे. उद्यां दगडफुलापासून औषध निघालें आणि त्यासाठीं रानें खरवडलीं गेलीं, तर जें वाढावयास पन्नास वर्षें लागलीं तें एका हंगामांत संपेल. मसाल्यासाठीं होणाऱ्या तोडणीचाच भार डोंगरांवर कमी नाहीं. कांचेच्या भांड्यांत बुरशी वाढवून तीच द्रव्यें मिळविणें हा त्यावरचा खरा मार्ग आहे. त्यासाठीं रानांतून नखाएवढा तुकडा पुरतो. परंतु तो तुकडा कोठला, कोणत्या झाडाचा, कोणत्या जातीचा, हें लिहून ठेवलेलें असावें लागतें.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक गांवाच्या पंचायतीस अशी नोंद ठेवण्याचा अधिकार दिला आहे. त्या नोंदवहींत मोह येतो, तेंदू येतो, बिबट्या येतो. सालीवरचे राखी चट्टे येण्यास त्यांच्याकडे कोणी तरी थांबून पाहावें लागतें. नवेगांवच्या रानांत पाऊस पडतो तेव्हां ते हिरवे होतात, ऊन पडलें कीं मिटतात, आणि वर्षाकांठीं केसभर पुढें सरकतात. त्यांच्या त्या केसभर जागेंत जंतूंच्या किती सभा तहकूब होतात, याची मोजणी अजून व्हावयाची आहे.